दोन लीज्ड लाइनवर ईसीएमपी: पावसाळाभर वापरल्यानंतरचा अनुभव

पुण्याचं ऑफिस आणि ऐरोलीची डीआर साइट (मुख्य ऑफिस बंद पडलं तर कामाला येणारी पर्यायी जागा) यांच्यामध्ये आमच्या दोन पॉइंट-टू-पॉइंट लाइन आहेत. प्रोव्हायडर वेगवेगळे, वेग प्रत्येकी १ जीबीपीएस. आधी एक लाइन चालायची आणि दुसरी स्टँडबायवर पडून असायची, तिचं भाडं मात्र दर महिन्याला जायचंच. पावसाळ्याच्या तोंडावर दोन्ही टोकांच्या लिनक्स राउटरवर एफआरआर हे राउटिंगचं सॉफ्टवेअर घातलं आणि ओएसपीएफमध्ये (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात तो प्रोटोकॉल) दोन्ही लाइनची कॉस्ट, म्हणजे रस्ता निवडायचा आकडा, हाताने सारखी करून टाकली. राउटिंग टेबलात एकाच नेटवर्कसमोर दोन नेक्स्ट-हॉप (पुढचे राउटर) दिसायला लागले की ईसीएमपी, म्हणजे सारख्या कॉस्टच्या रस्त्यांवर ट्रॅफिक वाटणं, सुरू झालं. सेटअप म्हणाल तर एवढाच.

साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला होता: "म्हणजे आता दोन जीबीपीएस ना?" नाही. ईसीएमपी बाइट वाटत नाही, फ्लो (म्हणजे अख्खी कनेक्शनं) वाटतं. पॅकेटच्या हेडरवरून हॅश, म्हणजे एक ठरावीक आकडा, काढायचा आणि त्यावरून लाइन ठरवायची, त्यामुळे एका कनेक्शनची सगळी पॅकेट एकाच लाइनने जातात. हे मुद्दामच असं आहे. आमच्या एका लाइनची लेटन्सी ३ मिलिसेकंद, दुसरीची ५. एक पॅकेट इकडून, एक तिकडून असं सोडलं तर क्रम बिघडतो, टीसीपीला वाटतं पॅकेट हरवलं आणि तो वेग कमी करतो. लिनक्सच्या ३.६ कर्नलमधून (२०१२) राउटिंग कॅश (ठरलेला रस्ता लक्षात ठेवणारी सोय) काढल्यावर आयपीव्ही४ मध्ये काही वर्षं असाच, पॅकेटगणिक वाटायचा कारभार चालला होता. फ्लोनुसार वाटणारा हॅश ४.४ मध्ये आला. जुनाट मशिनचा राउटर करणार असाल तर आधी कर्नलचं व्हर्जन बघून घ्या.

दिवसा ग्राफ बघून बरं वाटतं. माणसं भरपूर, कनेक्शनं भरपूर, दोन्ही लाइनच्या रेघा जवळजवळ चिकटून चालतात. खरी गंमत रात्री, बॅकअपच्या वेळी. एक लाइन ९४० एमबीपीएसला टेकलेली आणि दुसरी रिकामी! बॅकअप म्हणजे एका सर्व्हरहून दुसऱ्या सर्व्हरला जाणारं एक आरसिंक (फाइल कॉपी करणारं टूल), म्हणजे एकच फ्लो. त्याचे चार तुकडे करून चार आरसिंक एकदम सोडले, तरी चारही त्याच लाइनने गेले. कारण लिनक्सचा डिफॉल्ट हॅश फक्त दोन्हीकडचे आयपी पत्ते बघतो, आणि पत्ते तर तेच होते. ४.१२ कर्नलपासून (२०१७) मल्टिपाथ हॅश पॉलिसी नावाची सेटिंग आहे. ती शून्यावरून एकवर नेली की पोर्टही (प्रत्येक कनेक्शनचे दोन्ही टोकांचे नंबर) हिशोबात धरले जातात. हे दोन्ही राउटरवर करावं लागतं, कारण जाणारा ट्रॅफिक इकडचा राउटर वाटतो आणि येणारा तिकडचा. मग बॅकअप पसरला. तरीही हॅश म्हणजे नशिबाचाच मामला. चार फ्लो चुकून एकाच लाइनवर पडण्याची शक्यता आठात एक, आठ फ्लो केले तर १२८ त एक. आम्ही आठ ठेवले आहेत.

आता ज्याने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते. अकाउंट्सच्या मॅडमचा फोन: "ईआरपी (आमचं हिशोबाचं सॉफ्टवेअर) उघडतंय, पण रिपोर्टची पीडीएफ नुसती फिरत बसते." शेजारच्या टेबलावर तीच पीडीएफ झटक्यात उघडते. रिफ्रेश मारला की मॅडमकडेही कधी उघडते, कधी नाही. पिंग स्वच्छ, एकही ड्रॉप नाही. प्रोव्हायडरला विचारलं तर "सर, आमच्याकडून लिंक अप आहे." तीही अप, हीपण अप.

झालं होतं असं, की एका प्रोव्हायडरने रात्रीच्या मेंटेनन्समध्ये मधलं काहीतरी बदललं आणि त्या लाइनवरून १४५० बाइटपेक्षा मोठं पॅकेट जाईना. छोटी पॅकेट सुखाने जात होती, म्हणून लॉगिन व्हायचं, मेनू यायचा, आणि पीडीएफची भरगच्च पॅकेट वाटेत गडप व्हायची. रिफ्रेशने नवं कनेक्शन झालं की पोर्ट नवा, हॅश नवा, आणि चांगली लाइन मिळाली तर काम फत्ते. पिंग इथे दोन प्रकारे फसवतो. एक तर तो डिफॉल्टने ५६ बाइटच पाठवतो. दुसरं म्हणजे पिंग ज्यावर चालतो त्या आयसीएमपीला पोर्ट नसतात, म्हणून त्याच दोन पत्त्यांमधला पिंग कायम त्याच लाइनने जातो. माझ्या लॅपटॉपच्या नशिबी चांगली लाइन आली होती. शेवटी राउटरवर बसून प्रत्येक लाइनच्या पलीकडच्या टोकाला वेगवेगळा पिंग केला, फ्रॅगमेंट (तुकडे) करू नको सांगून, १४७२ बाइटचा (२८ बाइट हेडर धरून बरोबर १५००). एक लाइन पास, दुसरी गप्प. प्रोव्हायडरने दुरुस्ती करेपर्यंत त्या इंटरफेसचा एमटीयू (पॅकेटची कमाल साइज) कमी करून ठेवला. आता हाच पिंग दोन्ही लाइनवर दर पाच मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी लिनक्सची सोय) चालतो. ईसीएमपी लावणाऱ्याने पहिल्याच दिवशी हे करावं, नंतर नाही.

फेलओव्हरला मात्र पूर्ण मार्क. रस्त्याच्या खोदाईत एक फायबर तुटली तेव्हा व्हिडिओ कॉल क्षणभर अडकला आणि पुढे चालू झाला. याचं श्रेय बीएफडीला, म्हणजे लाइन जिवंत आहे का हे सतत छोट्या पॅकेटने तपासणाऱ्या प्रोटोकॉलला. फायबर मध्येच कुठेतरी तुटली तरी आपल्याकडचा मीडिया कन्व्हर्टर (फायबरला राउटरच्या केबलशी जोडणारी डबी) लिंक अपच दाखवतो, आणि ओएसपीएफ डिफॉल्टप्रमाणे ४० सेकंद वाट बघत बसतं. एफआरआरच्या बीएफडीत ३०० मिलिसेकंदांचे तीन ठोके चुकले की लाइन बाद, म्हणजे एका सेकंदाच्या आत. अर्थात वरच्या एमटीयूच्या भानगडीत बीएफडीलाही काही कळलं नव्हतं, त्याचीही पॅकेट छोटीच.

स्टेटफुल फायरवॉल (चालू कनेक्शनं लक्षात ठेवणारी) असेल तर ती राउटरच्या आतल्या बाजूला ठेवा. प्रत्येक लाइनवर स्वतंत्र फायरवॉल बसवली तर जाणारं पॅकेट एकीतून आणि उत्तर दुसरीतून येतं, आणि दुसरी ते अनोळखी म्हणून टाकून देते. लाइनवर एन्क्रिप्शन हवं असेल तर प्रत्येक लाइनला वेगळा टनेल करा. एकाच टनेलमध्ये सगळं कोंबलं तर बाहेरून तो एकच फ्लो दिसतो आणि ईसीएमपीला वाटायला काही उरत नाही.

स्टँडबायवर परत जाणार नाही. पण ज्यांना एकच मोठी फाइल दुप्पट वेगाने हवी आहे त्यांनी सरळ मोठी लाइन घ्यावी. आणि घेताना डक्ट बघा. आमच्या दोन्ही प्रोव्हायडरच्या फायबर गेटपासून सर्व्हर रूमपर्यंत एकाच डक्टमधून येतात, हे त्या खोदाईच्या वेळी कळलं. एक लाइन मागच्या गेटने फिरवायचं कोटेशन आलंय, सध्या साहेबांच्या टेबलावर आहे.