हिमालयनचा मागचा शॉक: डबावाला की नॉबवाला?

रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 411 या मोटरसायकलचा कंपनीचा मागचा शॉक (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बदलायचाच, इथपर्यंत तुमचं ठरलं असेल असं धरून लिहितोय. अजून ठरत नसेल तर मागं माणूस बसवा, दोन्ही बॅगा भरा आणि गगनबावड्यावरून एकदा करूळ घाट उतरून या. खालच्या गावांतले गतिरोधक येईपर्यंत तुमचं तुम्हालाच कळेल.

ब्रँडवरून भांडण मी करत नाही. ओहलिन्स स्वीडनची, विल्बर्स जर्मनीची, वायएसएस थायलंडची, आणि प्रत्येकाचे भक्त आपल्याकडं आहेतच. पण यातल्या बहुतेकांकडं दोन्ही तऱ्हेचा माल मिळतो. त्यामुळं आधी तऱ्हा ठरवावी, मग आपल्या गाडीला त्यात काय बसतंय ते बघावं. मी दोन्ही तऱ्हा वापरल्या. पहिली डबावाली, म्हणजे तेलाचा वेगळा डबा असलेली. तिला कॉम्प्रेशन (शॉक दबताना) आणि रिबाउंड (परत उघडताना) यांचं डॅम्पिंग, म्हणजे तेलाचा अडसर, कमी-जास्त करायचे भरपूर क्लिक, आणि स्प्रिंगचा प्रीलोड, म्हणजे ती आधीच किती आवळून ठेवायची ते, मात्र आट्यांच्या कॉलरवर, सी-आकाराच्या पान्यानं फिरवायचा. दुसरी तिच्यापेक्षा साधी: रिबाउंडचा एक स्क्रू, आणि प्रीलोडसाठी नळीनं जोडलेला हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारा) नॉब, जो हातानं फिरतो. कोणत्या कंपनीचे ते सांगत नाही. माझी तक्रार कंपनीबद्दल नाहीच.

गाडी चालवताना दोन्हींत काय फरक जाणवतो ते सांगतो. डबावाला सरस आहे, हे कबूल करायला मला जड जात नाही. राधानगरीवरून दाजीपूरकडं खराब रस्त्यावर तासभर चाललात की साध्या शॉकमधलं तेल तापतं, पातळ होतं आणि गाडी मागून तरंगल्यासारखी वाटायला लागते. डब्यामुळं तेल जास्त, थंड व्हायला जागा जास्त आणि तेल-वायू वेगळे राहत असल्यानं फेसही होत नाही. माझा नॉबवाला तिथं शेवटच्या टप्प्यात थोडा ढिला पडतो. मला तसं वाटतं म्हणा. मोजायला माझ्याकडं काही यंत्र नाही. ऊस हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्त्याला पाडलेल्या चाकोऱ्या मात्र दोघंही सारख्याच गिळतात.

क्लिकांबद्दल एक गोष्ट. हाय-स्पीड कॉम्प्रेशन म्हणजे गाडी हायवेला शंभरनं पळत असतानाचं, असं बरेच जण समजतात. मीही समजत होतो. तो वेग शॉकच्या दांड्याचा असतो. तीसनं चाललेली गाडी खड्ड्याच्या धारदार कडेवर आदळली, तर ते हाय-स्पीड. शंभरनं लांब वळण घेताना गाडी हळूच खाली दबते, ते लो-स्पीड. हे कळल्यावर मी दोन रविवार क्लिक मोजत बसलो, वहीत लिहून ठेवले आणि त्यानंतर त्यांना हात लावलेला मला आठवत नाही.

हात लावावा लागायचा तो कॉलरला.

माझं फिरणं असं आहे: सोमवार ते शनिवार एकटा, गोकुळ शिरगावला नोकरीला. महिन्यातून एक-दोनदा आम्ही दोघं वैभववाडीला, सासरी. म्हणजे तिच्या माहेरी. माझं वजन 78 किलो. तिचं इथं लिहायची परवानगी नाही. शिवाय जाताना बॅगा आणि येताना नारळ. हिमालयनच्या मागच्या चाकाला वर-खाली व्हायला 180 मिमीची चाल आहे, आणि स्वार बसल्यावर त्यातली तीस टक्के ते एक तृतीयांश, म्हणजे 54 ते 60 मिमी, दबलेली असावी हा सर्वमान्य हिशोब. एकट्यासाठी तेवढं लावलं आणि मागं माणूस-सामान चढलं, की गाडी मागून बसते. हेडलाइट समोरच्या एसटी ड्रायव्हरच्या डोळ्यांत जातो, हँडल हलकं पडतं आणि वळणावर गाडी बाहेरच्या कडेला ओढ घेते. उलट दोघांसाठी लावून ठेवलं, तर आठवडाभर एकटा जाताना गाडी मागून खेचरासारखी उडते. बदलणं आलंच.

आता कॉलर फिरवायची म्हणजे काय ते बघा. बॅगा उतरवा, गाडी सेंटर स्टँडवर घ्या, लॉक रिंग सैल करा, मग पाना आत घालून कॉलर पाव-पाव वेढा सरकवा, कारण पूर्ण वेढ्याला आत जागा नाही. कोकणातून एकदा येऊन बघा, त्या आट्यांत तांबडी माती कशी जाऊन बसते. वाळली की विटेसारखी. ब्रशनं काढायची, तेल मारायचं, तरी रिंग करकरतेच. पाना निसटला की बोटांची सालटी निघतात, आणि गाडी नुकतीच थांबवलेली असेल तर सायलेन्सरचा चटका वेगळा. कंपनीचा पाना पातळ होता म्हणून कोल्हापूरच्या उद्यमनगरातून जाड पट्टीचा करून घेतला. पाना उत्तम झाला, बोटं तशीच सोलत राहिली.

करूळ बंद होता त्या काळात आम्ही भुईबावडा घाटानं जायचो. अशाच एका जुलैत निघायची वेळ झाली, पाऊस लागलेला, मी दारात आडवा पडून कॉलरशी झटतोय आणि सौभाग्यवती छत्री धरून उभ्या. म्हणाली, "अहो, हे दर वेळी माझ्यामुळंच करावं लागतं ना? मग मी एसटीनं जाते, तुम्ही करा निवांत." त्यात टोमणा किती आणि खरं किती, हे वीस वर्षांच्या संसारानंतरही मला नीट सांगता येणार नाही. पण त्यानंतर मी कॉलर फिरवणंच सोडलं. मध्ये कुठंतरी ठेवली. म्हणजे एकटा असताना चूक आणि दोघं असताना पण चूक. एवढे पैसे घातलेला शॉक वर्षभर सातही दिवस चुकीच्या प्रीलोडवर चालला.

नॉबचं म्हणाल तर तो बॅगेच्या स्टँडला लावलाय. एकटा असताना पूर्ण सैल, बायको मागं बसायची असली की बारा वेढे, बॅगा-नारळ असतील तर अठरा. हेल्मेटची क्लिप लावायला लागतो त्यापेक्षा थोडाच जास्त वेळ. गाडी स्टँडवर असताना, वजन चढायच्या आधी फिरवायचा, एवढंच पथ्य.

नॉबचीही दुखणी आहेत. नळी आणि सील वाढले, म्हणजे गळायची जागा वाढली. माझी नळी अजून कोरडी आहे, पुढचं माहीत नाही. वजन थोडं वाढतं. तेवढ्याच पैशात डॅम्पिंगचे क्लिक कमी मिळतात. डबा आणि नॉब दोन्ही एकत्र असलेले शॉकही मिळतात, पण त्यांची किंमत ऐकून मी दुकानातला चहा अर्धा सोडला होता.

सर्व्हिसला दोघंही सारखेच. उद्यमनगरात बुश कातून मिळेल, ब्रॅकेट वाकवून मिळेल, पण शॉक खोलून सील बदलून परत नायट्रोजन भरायचा तर तो बहुधा पार्सल करून बाहेर पाठवावा लागतो. म्हणून कंपनीचा जुना शॉक भंगारात घालू नका. मधल्या काळात गाडी उभी राहत नाही.

ऑर्डर देताना एका गोष्टीत काटकसर करू नका: स्प्रिंग आपल्या वजनाची मागा. प्रीलोडनं स्प्रिंग कडक होत नाही, गाडीची फक्त उंची बदलते. तपासायची रीत सोपी, पण उलटी वाटते. स्वार बसल्यावर दाब बरोबर येतोय, आणि रिकामी गाडी मात्र स्वतःच्या वजनानं जवळजवळ दबतच नाही, तर स्प्रिंग मऊ आहे. तिला आवळून आवळून उंची आणलीय. अशा स्प्रिंगला डबा लावा नाहीतर नॉब, पैसे पाण्यात.

तुम्ही कायम एकटेच फिरत असाल, स्पितीबिती डोक्यात असेल, तर डबावाल्याला नको म्हणायचं मला तरी कारण दिसत नाही. माझा जुना मावसभावानं घेतला. तो सडाफटिंग, वजनही साधारण माझ्याएवढंच. घेतल्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून कॉलर लावली, त्याला वर्ष झालं, त्यानं पान्याला हात लावलेला नाही. जगात भारी शॉक आहे म्हणतो. येत्या मे महिन्यात त्याचं लग्न आहे. पाना मी जपून ठेवलाय, आहेरात देईन.