चार तासांच्या विमानात कोणता क्लास? काही महिन्यांच्या ये-जा नंतरचा अनुभव

कामानिमित्त गेले काही महिने माझी तीन ते पाच तासांच्या आंतरराष्ट्रीय विमानांतून सतत ये-जा चालू आहे. ऑफिसचं तिकीट इकॉनॉमीचं असतं. त्यावर कधी पॉइंट्स वापरून, कधी अपग्रेडसाठी बोली लावून, तर कधी सरळ पदरचे पैसे घालून प्रीमियम इकॉनॉमी आणि बिझनेसमध्येही बसून झालं. लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासबद्दल वाचायला भरपूर मिळतं, पण ते सगळं कौतुक छोट्या पल्ल्याला जसंच्या तसं लागू होत नाही. इथे तिकिटावर काय छापलंय यापेक्षा विमान कोणतं आणि ते सुटतं किती वाजता, हे दोन प्रश्न जास्त महत्त्वाचे.

आधी सगळ्यांना ज्याची हौस असते त्या सपाट होणाऱ्या सीटबद्दल. ब्रिटिश एअरवेजने २००० साली बिझनेसमध्ये पूर्ण सपाट बेड आणला आणि त्यानंतर लांब पल्ल्यावर तो हळूहळू रूढ झाला. चार तासांच्या उड्डाणात त्याचा हिशोब असा होतो : उड्डाणानंतर बेल्टचा दिवा विझेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं. मग टेबलक्लॉथ, ट्रे, ग्लास, पुन्हा ट्रे उचलणं, यात पाऊण तास सहज जातो. उतरायच्या आधी अर्धा-पाऊण तास दिवे लागतात, उद्घोषणा सुरू होतात आणि थोड्याच वेळात सीट सरळ करावी लागते. म्हणजे हातात राहिले जेमतेम सव्वादोन-अडीच तास. बेडचे पैसे मात्र पूर्ण उड्डाणाचे.

यावर मला लागू पडलेला उपाय साधा आहे. जेवण लाउंजमध्येच उरकायचं, विमानात शिरल्या शिरल्या क्रूला सांगायचं की जेवण नको, उठवू नका, आणि बेल्ट पांघरुणाच्या वरून लावायचा. बेल्ट पांघरुणाखाली असेल तर हवा जराशी हलली तरी तो दिसत नाही म्हणून क्रूला तुम्हाला उठवावंच लागतं. एवढं केलं की सलग तीन तास झोप मिळते, आणि सकाळी उतरून थेट मीटिंगला जायचं असेल तर ती लाखमोलाची. दिवसाच्या विमानात मात्र हीच सीट म्हणजे बरीच महागडी आरामखुर्ची. दोनदा विचार करावा.

आता विमान. ‘बिझनेस’ या एकाच नावाखाली छोट्या पल्ल्यावर तीन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. युरोपातल्या बहुतेक मोठ्या कंपन्या खंडांतर्गत मार्गांवर इकॉनॉमीचीच सीट देतात, फक्त मधली रिकामी ठेवतात आणि पुढे पडदा ओढतात. इतरत्र एका मार्गिकेच्या (मधून चालायची वाट एकच असलेल्या) विमानात बहुधा २-२ अशा, म्हणजे वाटेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन, रुंद, मागे रेलणाऱ्या सीट असतात. पाय लांब होतात, पण आडवं होता येत नाही. तिसरा प्रकार म्हणजे लांब पल्ल्याचं मोठं विमान दोन फेऱ्यांच्या मध्ये छोट्या मार्गावर फिरवतात तो. त्यात खरा बेड मिळतो, आणि भाडं अनेकदा दुसऱ्या प्रकाराच्या आसपासच असतं. मी शोधतो तो हा तिसरा.

तो ओळखायचा कसा? बुकिंगच्या तपशिलात विमानाचा तीन अक्षरी कोड असतो. ३२०, ३२१, ७३८, ३२एन असं काही दिसलं की एका मार्गिकेचं विमान. ३३३, ३५९, ७८९, ७७डब्ल्यू दिसलं की मोठं. काही कंपन्यांनी एअरबसच्या ए३२१ (कोड ३२१) मध्येही बेड बसवलेत, त्यामुळे सीटचा नकाशा उघडून बघणं आलंच. आणि तो एकदाच बघून भागत नाही. एकदा मी खास मोठ्या विमानासाठी रात्रीची फेरी निवडली होती. आदल्या दिवशी सहज नकाशा उघडला, तर माझी ‘२ए’ होती तिथेच होती, पण तिच्या शेजारी आता ‘२सी’ होती, म्हणजे २-२ ची रचना, आणि बेड गायब. विमान बदललं होतं. तिकिटावरचा वर्ग तोच असल्याने भाड्यातला फरक वगैरे काही मिळाला नाही. वाद घातला, उपयोग शून्य. फुकटात दुसऱ्या दिवशीच्या फेरीवर बदलून देऊ म्हणाले, तेवढंच.

इकॉनॉमीत सगळे लेगरूमच्या मागे लागतात. माझं मत वेगळं आहे : पाच तासांच्या आत खांद्यांची जागा जास्त महत्त्वाची. दोन ओळींमधलं अंतर साधारण २८ ते ३२ इंच असतं आणि हल्लीच्या पातळ पाठीच्या सीटमध्ये ३० इंचही गुडघ्यांना पुरतं. रुंदी मात्र विमानाच्या देहयष्टीवर ठरते. ए३२० मध्ये सीट साधारण १८ इंचांची, बोइंगच्या ७३७ मध्ये इंचभर कमी. ७७७ मध्ये पूर्वी ओळीत नऊ सीट असायच्या, आता बहुतेकांनी दहा कोंबल्या आहेत. ७८७ मध्ये नऊ. जपान एअरलाइन्सने आपल्या आंतरराष्ट्रीय ७८७ मध्ये आठच ठेवल्या आहेत, हा दुर्मीळ चांगुलपणा. ए३३० ची २-४-२ रचना दोघांनी जाताना मला सगळ्यात आवडते, कारण तिसऱ्याला ओलांडायचा किंवा उठवायचा प्रश्नच नाही.

सगळ्यात पुढची, भिंतीसमोरची ओळ जास्तीचे पैसे देऊन घेऊ नये असं माझं स्पष्ट मत. ट्रे सीटच्या हातातून निघतो म्हणून सीट आतून अरुंद होते, सीटचा तो हात वर करता येत नाही, उड्डाणाच्या वेळी बॅग वरच ठेवावी लागते आणि बाळांचे पाळणे तिथेच लावतात. इमर्जन्सी दाराजवळची ओळ चांगली, पण दोन दारं असतील तर मागच्या दाराची. पुढच्या दाराजवळची सीट बऱ्याचदा मागे रेलत नाही.

प्रीमियम इकॉनॉमी छोट्या पल्ल्यावर क्वचितच मिळते, कारण ती बहुधा मोठ्या विमानातच असते. एव्हा एअर आणि व्हर्जिन अटलांटिकने ती १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला आणली. दोन ओळींमध्ये साधारण ३८ इंच अंतर आणि सीटचे हात रुंद. दिवसाच्या विमानात लॅपटॉपवर काम करायचं असेल तर माझी पहिली पसंती हीच, कारण समोरचा मागे रेलला तरी लॅपटॉपची स्क्रीन दुमडत नाही. झोपायला मात्र इकॉनॉमीपेक्षा किंचितच बरी.

जमिनीवरचे फायदे? चेक-इनची वेगळी रांग गर्दीच्या वेळी खरंच वेळ वाचवते. उतरताना पुढून आधी बाहेर पडलात तर इमिग्रेशनला अडीचशे माणसांच्या पुढे उभे राहता, आणि परतीच्या दमलेल्या संध्याकाळी याची किंमत कळते. पण विमान टर्मिनलपासून लांब उभं केलं आणि बस आली की हा फायदा संपला. बिझनेसवाले बसमध्ये आधी चढतात, बस भरेपर्यंत उभे राहतात आणि दाराजवळचे इकॉनॉमीवाले त्यांच्या आधी उतरतात. बॅगेवरचा ‘प्रायॉरिटी’चा टॅग तर माझ्या अनुभवात निव्वळ शोभेचा.

आणखी एक, जे पैशाने मिळत नाही : हवा. केबिनचा दाब पुढेमागे सारखाच. नियमाने आतली हवा फार तर ८,००० फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ चालते. ७८७ आणि ए३५० मध्ये ती साधारण ६,००० फुटांवरच्या हवेइतकी, म्हणजे कमी विरळ ठेवतात. उतरल्यावर डोकं जड होणं मला या दोन विमानांत कमी जाणवतं, मग मी कुठेही बसलेलो असो. त्यामुळे जुन्या विमानातलं बिझनेस आणि ए३५० मधलं इकॉनॉमी यांत दिवसाच्या वेळी मी दुसरं घेतो. कोरडेपणा मात्र सगळीकडे आहेच, पाणी पीत राहा.

सध्याची माझी पद्धत : जाताना दिवसाचं विमान, इकॉनॉमी, खिडकी. येताना रात्रीचं, मोठं विमान, बिझनेस. बऱ्याच कंपन्या दोन दिशांना दोन वर्ग एकाच तिकिटावर देतात. शोधताना मात्र नीट बघा. मध्ये विमान बदलायचं असेल तर ‘बिझनेस’ म्हणून दाखवलेल्या तिकिटात कधी कधी एका तासाचा टप्पा बिझनेसचा आणि लांबचा इकॉनॉमीचा निघतो. बारीक अक्षरात ‘मिक्स्ड केबिन’ लिहिलेलं असतं. बोली लावून अपग्रेड घेणार असाल तर लाउंज आणि जादा बॅगेज त्यात धरलंय का ते आधी वाचा. मैल (म्हणजे कंपनीचे पॉइंट्स) तर बहुतेक ठिकाणी मूळ तिकिटाच्या हिशोबानेच जमा होतात. मी बोली शक्यतो किमान आकड्याच्या जराशी वर लावतो, आणि तीही निघायच्या आधी सीटच्या नकाशात पुढच्या ओळी मोकळ्या दिसत असतील तरच.