जुनी ऐरण, हातभाता आणि पायाचा व्हाइस: उन्हाळ्यापासून थंडीपर्यंतचा वापर

हौस म्हणून लोहारकाम सुरू करायचं असेल तर अवजारं जुनीच घ्या, हे आता मी ठामपणे सांगू शकतो. उन्हाळ्यात सामान जमवलं, अख्खा पावसाळा त्यावर काम केलं आणि आता नाशिकच्या थंडीत भट्टीपासून हलावंसं वाटत नाही. मखमलाबादकडे मळ्यात पत्र्याची शेड आहे, सुट्टीच्या दिवशी तिथेच असतो.

आधी ऐरणीचं सांगतो, कारण बाकी सगळं तिच्या जिवावर. अंबड लिंक रोडचा भंगार बाजार २०१७ मध्ये महापालिकेने उठवला. तेव्हापासून एकाच जागी हवं ते मिळेल ही अपेक्षा सोडलेली बरी. मला ऐरण सातपूर एमआयडीसीत मिळाली. तिथला एक छोटा कारखाना बंद होत होता आणि सामान वजनावर निघालं होतं. ओळखीचे एक लोहारबाबा सोबत आले होते. तिथे दोन ऐरणी होत्या. एक दिसायला झकास, रंग मारलेली. बाबांनी छोट्या हातोड्याने तिच्या तोंडावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हलके टोले दिले. टण, टण, टण... आणि चौकोनी भोकाजवळ एकदम भद्द. "इथं पाटी सुटलीय, राहू दे," एवढंच म्हणाले. जुन्या विलायती ऐरणींचं अंग घडीव लोखंडाचं असतं आणि वर पोलादाची पाटी तापवून जोडलेली असते. तो जोड सुटला की घाव तिथेच मरतो.

दुसरी गंजलेली, कडा थोड्या उडालेल्या. पण टोल्याला शेवटपर्यंत एकसारखी वाजली. बेअरिंगचा छर्रा दहा इंचांवरून सोडला तर साधारण आठ इंच परत उसळला. सात-आठ इंच उसळी आली की ऐरण चांगली समजा. बिडाच्या ऐरणीवर तो जेमतेम उठतो. पोटावर १ – ० – १४ असे आकडे कोरलेले होते. ही जुनी इंग्रजी वजनाची पद्धत आहे. पहिला आकडा ११२ पौंडांचा, दुसरा २८ पौंडांचा, तिसरा सुट्या पौंडांचा. म्हणजे १२६ पौंड, ५७ किलोच्या आसपास. भंगाराच्या भावापेक्षा बरेच जास्त पैसे मोजले आणि ते सार्थकी लागले. बाभळीच्या ओंडक्यावर साखळीने आवळून बसवल्यावर आवाजही निम्म्यावर आला. कडा मी घासून सरळ केल्या नाहीत, तुम्हीही करू नका. एका बाजूच्या गोलसर कडेवर वाकवण्याचं काम फार छान होतं.

रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून वापरा, असा सल्ला बरेच जण देतात. काम होतं त्यावर. पण रेल्वेच्या मालमत्तेच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे, आणि रुळाचा तुकडा कुठून आला हे भंगारवाला सहसा सांगत नाही. पावती मिळत नसेल तर हात लावू नका.

हातभाता जुनाच, दांडा फिरवायचा. गिअरच्या पेटीतून तेल ठिबकतं म्हणून विकणारा स्वस्तात द्यायला तयार झाला. या जुन्या भात्यांना सीलच नसतात, त्यामुळे ठिबकणं हा बिघाड नाही. काम सुरू करण्याआधी चार थेंब सोडतो, बस. विजेच्या ब्लोअरपेक्षा हा मला जास्त आवडला. हात थांबला की वारा थांबतो, त्यामुळे सळई ऐरणीवर असताना कोळसा फुकट जळत नाही. कोळसा मी लोणारीच, म्हणजे लाकडाचा, वापरतो. भराभर संपतो आणि ठिणग्या उडवतो, पण धूर कमी आणि खंगरही (राखेचे वितळून झालेले गठ्ठे) धरत नाही. शेजारी वस्ती असेल तर दगडी कोळशाच्या वाटेला जाऊ नका. आणि भट्टीच्या नळीला जस्त चढवलेला पाइप अजिबात नको. तापलेल्या जस्ताच्या धुराने थंडी वाजून ताप येतो. साधा काळा पाइप घ्या.

पायाचा व्हाइस, म्हणजे लोखंड घट्ट पकडून ठेवणारा लांब पायाचा शिकंजा, या सगळ्यात कमी बोलला जाणारा आणि सर्वात उपयोगी. त्याचा पाय जमिनीत टेकलेला असतो, त्यामुळे हातोड्याचा मार थेट जमिनीत जातो. टेबलावरचा बिडाचा व्हाइस असा मार खाऊन तडकतो. घेताना स्क्रू पूर्ण बाहेर काढून आटे बघा. वरचा गंज निघतो, झिजलेले आटे परत येत नाहीत.

बाकी किरकोळ सामान बुधवारच्या बाजारात, गंगेवर, म्हणजे गोदाकाठी. हातोड्याची डोकी, सांडश्या, झिजलेल्या कानशी. सांडश्यांच्या तोंडाकडे फार बघू नका, ती तापवून हवी तशी करता येतात. रिव्हेट ढिली नसावी एवढंच. पोलादासाठी आडगावच्या ट्रक टर्मिनलजवळच्या गॅरेजात गाड्यांच्या स्प्रिंगचे जुने पाटे मिळतात. पाटा नारिंगी असतानाच ठोका, काळपट लाल झाला की परत भट्टीत. थंडावलेल्यावर घाव घातला तर चीर जाते. पाणी देण्याआधी, म्हणजे तापवून एकदम थंड करून कडक करण्याआधी, चुंबक लावून बघतो. सुमारे ७७० अंशांना पोलाद चुंबकाला सोडतं, त्याच्या थोडं वर नेऊन तेलात बुडवायचं. मग लगेच हलक्या आचेवर पिवळट ते तपकिरी रंग येईपर्यंत तापवून त्याचा कडकपणा थोडा उतरवायचा, नाहीतर काचेसारखं तडकतं. अशा पाट्याची खुरपी शेजारच्या द्राक्षबागेत रोज वापरात आहेत आणि धार टिकून आहे.

पावसाळ्यात गंजाचा त्रास खरंच झाला. ऐरणीचं तोंड आणि सांडश्या कोमट असताना जवसाचं तेल पुसून ठेवल्यावर तो आटोक्यात आला. सध्या ऐरणीच्या चौकोनी भोकात बसणाऱ्या छन्नीसाठी जुन्या एक्सलचा तुकडा शोधतोय. कुणाच्या गॅरेजात पडला असेल तर जरूर कळवा.