मेमटेस्ट८६+ : रात्री पास झालं, दुपारचं काय?

मी नागपुरात लग्नाचे व्हिडिओ एडिट करते. एक्स्पोर्टला वेळ कमी लागावा म्हणून मार्चमध्ये रॅमचा वेग ३२०० वरून ३६०० वर नेला, म्हणजे ओव्हरक्लॉक केलं. रायझेन ५ ५६००, १६ जीबीच्या दोन डीडीआर४ स्टिक, १.३५ व्होल्ट. त्यातच टीआरएफसी (रॅमचं एक टायमिंग, खाली सांगते) ६३० वरून ५४० वर आणलं.

विंडोज सुरू झालं म्हणजे ओव्हरक्लॉक जमलं, असं मुळीच नसतं. साध्या रॅममध्ये एखादा बिट उलटला तरी कॉम्प्युटर काही बोलत नाही, फाइल गुपचूप बिघडते. कुणाची सप्तपदी परत शूट होत नाही, म्हणून मी टेस्टिंगला एवढं जपते.

पहिली टेस्ट नेहमी मेमटेस्ट८६+ ची, म्हणजे रॅम तपासणाऱ्या प्रोग्रामची. फुकट आहे, पेन ड्राइव्हवरून चालतं, विंडोज लागतच नाही. कच्च्या रॅमवर विंडोज चालवलं तर तेच खराब होऊ शकतं. इथे हार्ड डिस्कला धक्का लागत नाही. २०२२ च्या ६.०० आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या कॉम्प्युटरमधली, बायोसची जागा घेणारी प्रणाली) चालतं. चूक सापडली की लाल ओळीत पत्ता, काय लिहिलं होतं आणि काय वाचलं गेलं, हे शेजारी शेजारी दिसतं. रात्री लावून झोपले, सकाळी ४ पास (पूर्ण फेऱ्या) झालेले, एकही चूक नाही.

तरी दुपारी टेस्टमेम५ लावलं, हा विंडोजमध्ये चालणारा रॅम तपासणारा प्रोग्राम, एक्स्ट्रीम नावाच्या कडक सेटिंगवर, सोबत ग्राफिक्स कार्डवर रेंडर. बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुसऱ्या फेरीत २ चुका. स्टिकचं तापमान ५४ अंश, रात्री तेच ४१ होतं.

कारण साधं आहे. रॅमच्या प्रत्येक पेशीत इवलासा चार्ज असतो, तो गळत राहतो, म्हणून ६४ मिलिसेकंदांत सगळ्या पेशी एकदा ताज्या कराव्या लागतात. उष्णता वाढली की गळती वाढते. त्या ताजं करण्याच्या एका खेपेला किती वेळ द्यायचा, ते टीआरएफसी ठरवतं. ३६०० वर ६३० म्हणजे ३५० नॅनोसेकंद, ५४० म्हणजे ३००. माझ्या स्टिकना ३०० गारव्यात पुरले, उन्हात नाही.

यात मेमटेस्टचा दोष नाही. ते चालताना ग्राफिक्स कार्ड थंड असतं, त्यामुळे कॅबिनेट तापतच नाही. म्हणून पहिल्या चाळणीसाठी पाचपैकी पाच. पण फक्त त्याच्या भरवशावर गिऱ्हाइकाचं काम करू नका, ही माझी कळकळीची विनंती. विदर्भात राहत असाल तर दुसरी टेस्ट दुपारीच लावा, खोलीतला कूलर बंद ठेवून.

मी टीआरएफसी परत ६३० केलं, वेग ३६०० च ठेवला. दुपारी तीनला टेस्टमेम५ च्या तिन्ही फेऱ्या रेंडरसकट लावल्या. ५५ अंशांवर एकही चूक आली नाही, आणि संध्याकाळी अडकलेलं वर्ध्याचं लग्न एक्स्पोर्टला टाकलं.