बिलावर सात दात, मशीनमध्ये आठ

जुनी स्नोमोबील (बर्फावर पळणारी गाडी) घेऊन तिच्यावर उंच लगांचा ट्रॅक, म्हणजे उंच खवल्यांचा फिरता रबरी पट्टा, चढवायचं ज्यांच्या मनात आहे, त्यांनी दुकानात पैसे मोजण्याआधी हे वाचावं. माझे पैसे गेले ते गेलेच. पण त्यापायी माझा मेहुणा आणि मी उणे वीस अंशांत, अंधार पडल्यावर डोंगरात अडकलो. ते मला अजून पचलेलं नाही.

आम्ही कॅलगरीत राहतो. हिवाळ्यात सुट्टी मिळाली की ट्रेलरवर स्नोमोबील चढवून ब्रिटिश कोलंबियातल्या गोल्डनकडे जातो. माझी मशीन ६०० सीसीची, ट्रॅक १५४ इंच लांबीचा. ट्रॅकच्या पट्ट्यावर बाहेरून जे उभे रबरी खवले असतात ते लग. भुसभुशीत बर्फात मशीनला तेच वर रेटतात. माझे लग मुळात सव्वादोन इंचांचे, तेही झिजलेले. एका दुकानदाराने सांगितलं, "तीन इंची टाकून घ्या, मग कुठेही चढेल." मशीन कुठल्या बर्फात चालवता, मार्च-एप्रिलच्या कडक बर्फातही जाता का, हे त्याने विचारलं नाही. विचारायला हवं होतं. उंच लग कडक बर्फात दुमडतात, जड ट्रॅक फिरवण्यात लहान इंजिनाची ताकद जाते, आणि माझ्यासारख्याला अडीच इंच पुरले असते.

खरी अडचण मात्र जागेची होती. ट्रॅक ज्या उलट्या पन्हळीखाली फिरतो ते टनेल. त्याच्या पुढच्या टोकाला कूलर असतो. इंजिन थंड ठेवणारं कूलंट गरम होऊन त्यातून फिरतं आणि ट्रॅकने उडवलेल्या बर्फाने थंड होतं. म्हणजे लगांची टोकं फिरतात ती थेट कूलरच्या तोंडासमोर. माझ्या मशीनमध्ये ड्राइव्हशाफ्टच्या (ट्रॅक फिरवणाऱ्या दांड्याच्या) मध्यापासून कूलरपर्यंत ७.१ इंच आहेत. त्या दांड्यावरचं ट्रॅक ओढणारं दातेरी चाक म्हणजे ड्रायव्हर. तो आठ दातांचा आणि ट्रॅकची पिच, म्हणजे दात अडकण्याच्या दोन जागांमधलं अंतर, २.८६ इंच. त्यावरून ड्रायव्हरची त्रिज्या साधारण ३.६४ इंच. पट्ट्याची जाडी पाव इंच धरली आणि तीन इंचांचे लग मिळवले, की उरतात जेमतेम ०.२ इंच. तेही मशीन स्टँडवर उभी असताना. वेगात ट्रॅक फुगतो, टनेलमध्ये बर्फ गोठून थर धरतो, आणि ती फट राहतच नाही.

यावर रीतसर उपाय आहे. सात दातांचे ड्रायव्हर बसवायचे. त्रिज्या ३.१९ इंचांवर येते आणि फट ०.६६ इंच होते. दुकानदाराने मला हेच समजावलं होतं, कागदावर आकृती काढून. बिलावरही स्वच्छ लिहिलं होतं: सात दाती ड्रायव्हर, दोन नग, शाफ्ट काढून बसवण्याची मजुरी वेगळी. मी कार्डाने पैसे भरले आणि मशीन घरी आणली.

पहिल्याच दिवशी एक खूण समोर होती, ती मला वाचता आली नाही. माझ्या मशीनचा स्पीडोमीटर ड्राइव्हशाफ्टचे फेरे मोजतो. आठाचे सात दात झाले असते तर एका फेऱ्यात ट्रॅक एक अष्टमांश कमी सरकला असता, आणि ट्रेलवरच्या दाबलेल्या बर्फात काट्याने ६० दाखवले तेव्हा जीपीएसवर ५२-५३ दिसायला हवे होते. माझे दोन्ही आकडे तंतोतंत जुळत होते. मला त्याचं बरंच वाटलं होतं.

जानेवारीतल्या दुसऱ्या फेरीला, दुपारी तीनच्या सुमारास, चढणीवर मेहुणा मागून ओरडला, "दाजी, थांबा! मागे हिरवं काय सांडतंय?" वळून पाहिलं तर माझ्या ट्रॅकच्या खुणेत हिरव्या ठिबक्यांची रेघ होती. हुडखालून वाफ येत होती, त्यात कूलंटचा तो गोडसर वास. कूलर कापला गेला होता. खोल बर्फात दोराने ओढून नेणं अशक्य होतं. इंजिन मिनिटभर चालवायचं, उतारावर सरकायचं, थांबून थंड होऊ द्यायचं, असं करत आम्ही ट्रेलला लागेपर्यंत साडेसात वाजले. मेहुण्याच्या डाव्या हाताची बोटं बधिर झाली होती. घरी बहिणीला काय सांगायचं, हे तो वाटभर विचारत होता. मला उत्तर सुचत नव्हतं.

दुसऱ्या मेकॅनिकने मशीन उघडली. ड्रायव्हरच्या एका दातावर त्याने पांढऱ्या मार्करने रेघ मारली, ट्रॅक हाताने फिरवत मला मोठ्याने मोजायला लावलं. आठ. पुन्हा मोजले. आठच. मग त्याने टॉर्च लगांवर धरला. साच्यातून आलेल्या लगाची कड गुळगुळीत आणि किंचित गोल असते. माझ्या कडेच्या लगांची टोकं चौकोनी, खरबरीत होती, त्यांवर ग्राइंडरचे ओरखडे होते, आणि टनेलच्या कोपऱ्यात रबराचा काळा भुगा अजून चिकटलेला होता. ट्रॅक घासतोय हे त्या दुकानदाराने पाहिलं होतं. सात दाती ड्रायव्हर लावायचे सोडून त्याने लग तासले, आणि बिल मात्र ड्रायव्हरचं लावलं. ही नजरचूक म्हणताच येणार नाही.

त्याला फोन केला तर म्हणाला, तुम्ही कडक बर्फात पळवली असेल, ट्रॅक ताणला गेला. नंतर, बदल केलेल्या मशीनला आम्ही हमी देत नाही. दात आठ कसे, याला उत्तर नाही.

म्हणून सांगतो, मशीन ताब्यात घेताना स्टँडवर चढवून ट्रॅक हाताने फिरवा, दात स्वतः मोजा, फट जिथे सगळ्यात कमी आहे तिथे टेप लावा. काढलेले जुने ड्रायव्हर परत मागा. बदलले असतील तर ते दुकानात पडलेले असणारच. बऱ्याच ट्रॅकवर रुंदी, लांबी आणि लगाची उंची कोरलेली असते. ती वाचा आणि लग मोजून ताडून पाहा. वापरलेली मशीन घेणाऱ्यांनी तर कडेचे लग बोटाने चाचपून पाहावेत.

बँकेकडे फोटोंसकट तक्रार केली. ड्रायव्हरचे आणि त्यांच्या मजुरीचे पैसे परत मिळाले, कूलरचे मिळाले नाहीत. आता अडीच इंची ट्रॅक आहे, ड्रायव्हर तेच आठ दाती. फट ०.७ इंच भरली. मी मोजली तेव्हा टॉर्च मेहुण्याने धरला होता, उजव्या हातात. डाव्या हाताच्या करंगळीला गारठा अजून लगेच जाणवतो, म्हणतो.