मधुमेही बोक्याची न संपणारी भूक आणि टायमरचं फीडर : काही महिन्यांच्या वापरानंतर

मांजराला मधुमेह निघाला की पहिली धास्ती इंजेक्शनची असते, आणि ती चार-सहा दिवसांत जाते. सुई इतकी बारीक असते की वाटीत तोंड घातलेल्या मांजराला बहुतेक वेळा कळतही नाही. घरच्यांना खरं दमवते ती त्याची भूक. आमचा तांबू दहा वर्षांचा, नसबंदी झालेला, ठाण्यातल्या फ्लॅटमध्ये वाढलेला बोका. निदान होईपर्यंत त्याचं वजन ५.८ किलोवरून ४.६ वर आलं होतं आणि खाणं मात्र दुप्पट झालं होतं. वाटी चाटूनपुसून झाली की तिच्यासमोरच बसून ओरडायचा. मळून ठेवलेल्या कणकेवरचं ओलं फडकं दातांनी ओढून त्याने गोळ्याचा लचका तोडलेला मी पाहिलाय. एरवी हा प्राणी कणकेकडे ढुंकूनही बघत नसे. रात्री दोनला, साडेतीनला, पाचला उशाशी येऊन पंजाने गाल खाजवायचा. घरात कुणाचीच झोप पुरी होत नव्हती.

त्या दिवसांत मी पाच खणांचं टायमरचं फीडर घेतलं. आज त्याबद्दल लिहायचंय, पण आधी भुकेबद्दल लिहिते, कारण ती नीट समजली नाही तर फीडर घेऊन काही उपयोग नाही.

इन्सुलिन पुरेसं नसेल किंवा शरीर त्याला दाद देत नसेल तर रक्तात साखर साचते, पेशींपर्यंत पोचत नाही. मांजरांमध्ये ही साखर साधारण दर डेसिलिटर रक्तात २५० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे गेली की मूत्रपिंडं ती अडवू शकत नाहीत. ती लघवीवाटे जाते, सोबत पाणीही ओढून नेते, म्हणून तहान. शरीर मग स्वतःची चरबी आणि स्नायू जाळायला लागतं. म्हणजे भरल्या वाटीसमोर बसलेला हा प्राणी आतून खरोखर उपाशी असतो. सासूबाई सुरुवातीला म्हणायच्या, "काय हावरट झालाय गं हा!" डॉक्टरांनी हे सगळं समजावून सांगितल्यावर त्यांनी तो शब्द पुन्हा काढला नाही. उलट प्रश्न दुसऱ्या टोकाला गेला. "अगं, बिचाऱ्याला घासभर दूध-पोळी तरी दे" असं सुरू झालं, आणि नेमकी तीच गोष्ट द्यायची नव्हती.

माझं ठाम मत आहे की नव्याने निदान झालेल्या, वजन उतरलेल्या मांजराला "साखर आहे, आता कमी खा" या हिशोबाने ठेवू नये. माणसाचा पथ्याचा विचार इथे चालत नाही. मांजराची विश्रांतीच्या अवस्थेतली गरज काढायचं एक सूत्र डॉक्टर वापरतात, ४.६ किलोला ते साधारण २२० कॅलरी येतं. तांबूच्या बाबतीत वजन परत यायला हवं होतं आणि लघवीतून कॅलरी वाया जात होत्या, म्हणून डॉक्टरांनी २८०च्या आसपास ठेवायला सांगितलं. लठ्ठ मांजराचा हिशोब वेगळा असतो, तो आपापल्या डॉक्टरांकडूनच घ्या.

आता खाणं कसलं. मांजर पक्कं मांसाहारी. त्याला पिष्टमय पदार्थांची फारशी गरज नसते, आणि बऱ्याच कोरड्या खाण्यांत ३० टक्के किंवा त्याहून जास्त कॅलरी पिठातूनच येतात. ओल्या पाऊचमध्ये ते प्रमाण बरंच कमी असू शकतं, पण प्रत्येक पाऊच तसा नसतो; घट्ट ग्रेव्हीत स्टार्च असतो. पाकिटामागचे आकडे बघून घरी हिशोब करता येतो. प्रथिनं, स्निग्ध, तंतू, राख आणि पाणी यांची बेरीज १०० मधून वजा करा. उरलं ते पिष्ट. राख छापलेली नसेल तर ओल्या खाण्यासाठी मी २ धरते. समजा प्रथिनं १०, स्निग्ध ५, तंतू अर्धा, राख २ आणि पाणी ८१ असेल, तर पिष्ट दीड राहतं. कॅलरीसाठी प्रथिनं आणि पिष्टाला साडेतीनने, स्निग्धाला साडेआठने गुणायचं. १०० ग्रॅमला ८३च्या आसपास कॅलरी, त्यातला पिष्टाचा वाटा साधारण ६ टक्के. मधुमेही मांजरासाठी १० टक्क्यांच्या आत असलेलं चांगलं. असे ८५ ग्रॅमचे चार पाऊच म्हणजे तांबूचा दिवस.

नुसतं उकडलेलं चिकन रोज देऊन भागत नाही, त्यात कॅल्शियम पुरेसं नसतं आणि शिजवताना टॉरिन नावाचं मांसातलं पोषकद्रव्यही पाण्यात जातं. टॉरिन कमी पडलं की मांजराचं हृदय आणि डोळे बिघडतात. वरचा खाऊ म्हणून एखादा तुकडा ठीक. रश्श्यातला नको, कांदा-लसूण मांजराला विषारी.

एक गोष्ट मात्र जपून करा. इन्सुलिन सुरू असताना कोरडं बंद करून एकदम कमी पिष्टाच्या ओल्या खाण्यावर आणलं तर साखर झपाट्याने उतरते आणि आधीचा डोस जास्त होऊ शकतो. आम्ही बदल हळूहळू केला, डॉक्टरांना कळवत आणि घरी साखर मोजत.

आता फीडर. माझं गोल आहे, बॅटरीवर चालतं, वर एक खाच असलेलं झाकण आणि खाली फिरणारा पाच खणांचा ट्रे. ठरलेल्या वेळी ट्रे फिरतो आणि पुढचा खण खाचेखाली येतो. पहिला खण सुरुवातीपासून उघडाच असतो, म्हणजे प्रत्यक्षात चार वेळा लावता येतात. तळाशी बर्फाच्या जेलच्या दोन पिशव्या बसतात. इंजेक्शन सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला. त्या दोन्ही वेळी जेवण मी हाताने वाढते. दिवसा सासूबाई दहा, एक आणि चारला थोडं थोडं देतात. रात्री निजताना उघडा खण, मग साडेबारा, पावणेतीन आणि पाच. चौथी वेळ लावतच नाही. पाचनंतर काही नाही, म्हणजे सातला साखर मोजताना ताज्या खाण्याचा आकडा त्यात मिसळत नाही. आमचं इन्सुलिन ग्लार्जिन आहे, त्याचा जोर सावकाश चढतो, म्हणून असं विभागून खाणं चालतं. इन्सुलिनच्या काही प्रकारांत जेवणाची वेळ जास्त काटेकोर असते, तिथे विचारून घ्या.

दिवसाचं एकूण खाणं वाढवलं नव्हतं, फक्त वाटे लहान केले होते. तरी रात्रीचं ओरडणं ज्या वेगाने कमी झालं ते पाहून मला फार हायसं वाटलं. आठवडाभरातच तांबू उशाशी यायचा थांबून फीडरशेजारी जाऊन बसायला लागला. ट्रे फिरण्याआधी मोटरचा बारीक खर्र आवाज येतो, त्याबरोबर त्याचे कान उभे राहतात. खाणं माणसाकडून नाही, त्या डब्यातून येतं हे त्याला पटलं, आणि आमच्या घरात यंत्राचा सगळ्यात मोठा फायदा हाच झाला.

ठाण्यातल्या हवेत ओलं खाणं टिकवणं हीच त्यातली अवघड बाब. मे महिन्यात जेलच्या पिशव्या पहाटेपर्यंत पुरत नाहीत. त्यावर उपाय साधा आहे. शेवटचे दोन वाटे आदल्या दिवशी फ्रीजरमध्ये गोठवायचे आणि ते गोठलेलेच खणात टाकायचे. पाळी येईपर्यंत सुटतात. पावसाळ्यात मुंग्या आल्या. आता फीडर मोठ्या थाळीत, थाळीत बोटभर पाणी आणि खाली चार उलट्या वाट्या. पाण्याला मोटर लागणार नाही इतकी उंची ठेवा. खाण्यात चमचाभर कोमट पाणी कालवते, वास सुटतो आणि पोटाला भर येते. लाल भोपळा कालवून पोट भरायचा सल्लाही मिळतो, पण वजन उतरलेल्या मांजराच्या पोटात कॅलरीची जागा भोपळ्याने अडवणं मला पटत नाही.

तक्रारीही आहेत. झाकणाची खिटी कच्ची आहे. पहिल्या रात्रींमध्ये तांबूने नख घालून झाकण उचकटलं, तेव्हापासून दोन रुंद रबरबँड लावते. कडांच्या फटीत ग्रेव्ही वाळून बसते, दात घासायच्या जुन्या ब्रशशिवाय निघत नाही. घरात दुसरं मांजर असेल तर हे फीडर उपयोगाचं नाही, कारण कुणीही येऊन खातं. तिथे मांजराच्या कातडीखाली बसवलेली चिप ओळखून उघडणारं लागेल.

फीडर भूक विभागून देतं, भूक घालवतं ते इन्सुलिन. डोस बसत गेला तशी आधी पाण्याची वाटी भरलेली राहू लागली, मग लिटरमधले, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूतले, लघवीचे गोळे लहान झाले, आणि भूक सगळ्यात शेवटी उतरली. वजन आता ५.१ आहे. मागणं अजून आहे, पण त्यात आता पूर्वीची कासाविशी नसते. पाठ खाजवून दिली की जाऊन झोपतो.

भुकेकडे लक्ष मात्र सोडायचं नाही. शांत झालेलं मांजर अचानक वखवखलं तर आधी साखर मोजा. साखर फार उतरल्याचंही ते पहिलं लक्षण असू शकतं, पाठोपाठ पाय लटपटतात, पुढे झटके येतात. हिरड्यांना मध किंवा ग्लुकोजचं घट्ट पाणी चोळायचं आणि डॉक्टर गाठायचे. कानाच्या कडेला टोचून मोजायला शिकणं म्हणूनच अटळ. कान आधी ओल्या कोमट कापडाने गरम करा, थेंब सहज येतो. माणसांचं मीटर मांजराची साखर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतं, हे डॉक्टरांशी बोलताना सांगा.

आणि सिरिंज! आपल्याकडे औषधांच्या दुकानात लाल टोपीची यू-४० (एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेल्या इन्सुलिनसाठी) आणि केशरी टोपीची यू-१०० (१०० युनिटवाल्यासाठी) दोन्ही मिळतात. आमचं ग्लार्जिन यू-१०० आहे. ते लाल टोपीच्या सिरिंजने एका रेघेपर्यंत भरलं तर अडीच पट इन्सुलिन जातं. मांजराचा डोसच मुळात एखाद्या युनिटचा असतो, तिथे हा फरक जिवावर बेतेल. दुकानदाराने काहीही दिलं तरी टोपी आणि छापील आकडा स्वतः बघा.

डोस वाढवत नेऊनही भूक तशीच राहिली आणि साखर उतरली नाही तर फक्त खाणं वाढवत राहू नका. थायरॉइड, स्टेरॉइडचं औषध किंवा ग्रोथ हॉर्मोन जास्त होण्याचा आजार मागे असू शकतो, त्याच्या तपासण्या असतात. आणि खाणाऱ्या मांजराने तोंड फिरवलं, उलट्या झाल्या, मलूल पडलं तर ती भुकेपेक्षा कितीतरी मोठी धोक्याची खूण. शरीर चरबी जाळतं तेव्हा तयार होणारे कीटोन रक्तात वाढलेले असू शकतात. त्या दिवशी सकाळची वाट बघायची नसते. सातची सुई द्यायची की नाही हेही डॉक्टरांना फोन करूनच ठरवायचं.

फीडर घेणार असाल तर ट्रे पूर्ण सुटा होऊन धुता येतो ना, खण किमान अर्ध्या पाऊचचा आहे ना आणि बॅटरी कमी झाल्याची खूण दिसते ना, एवढं पाहा. जादा ट्रे सुटा मिळत असेल तर तोही सोबतच मागवा. एक धुऊन वाळत असताना दुसरा भरता येतो.