दूरची हॅम केंद्रे ऐकण्यासाठी इकोलिंक, आयआरएलपी की वेबएसडीआर?

गच्चीवर शॉर्टवेव्हची अँटेना उभारता येत नसली, तरी दूरदेशीची हौशी (हॅम) रेडिओ केंद्रे इंटरनेटच्या आधाराने ऐकता येतात. मात्र आपल्याला दूरचा माणूस ऐकायचा आहे की दूरवरून आलेल्या रेडिओलहरी, हे आधी ठरवावे, कारण पुढची निवड त्यावरच अवलंबून असते.

जोनाथन टेलर यांनी २००२ मध्ये आणलेले इकोलिंक हे सॉफ्टवेअर माणसाचा आवाज आणून देते. हँडीवरून (हातात धरायच्या रेडिओवरून) जवळच्या, इकोलिंकशी जोडलेल्या रिपीटरवर (आलेला संदेश पुन्हा प्रक्षेपित करणाऱ्या केंद्रावर) नोडच्या, म्हणजे दूरच्या जोडणी-केंद्राच्या, क्रमांकाचे आकडे दाबले की परदेशातील रिपीटर आपल्याशी जोडला जातो. रेडिओलहरी दोन्ही टोकांना काही किलोमीटरच प्रवास करतात आणि मधले अंतर इंटरनेट कापते. त्यामुळे आवाज बहुधा स्वच्छ येतो, पण आयनांबराच्या (शॉर्टवेव्ह लहरी परतवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराच्या) लहरीपणाचा, बँड अचानक उघडण्याचा, म्हणजे दूरची केंद्रे एकाएकी ऐकू येऊ लागण्याचा, अनुभव त्यात मिळत नाही. संगणक वा मोबाइलवरूनही जोडणी होते, मात्र त्यासाठी हॅमचा परवाना दाखवून कॉल साइनची (परवान्यासोबत मिळणाऱ्या सांकेतिक नावाची) पडताळणी करून घ्यावी लागते. जोडणी नीट आहे की नाही, हे ९९९९ या चाचणी क्रमांकावर स्वतःचाच आवाज परत ऐकून तपासता येते. राउटरमध्ये यूडीपी ५१९८ आणि ५१९९ ही पोर्ट खुली करणे शक्य नसेल, तर प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) वापरावा.

आयआरएलपी ही कॅनडातील डेव्हिड कॅमेरॉन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेली व्यवस्था आहे. तिच्यात दोन्ही टोकांना रेडिओच लागतो आणि संगणकावरून थेट प्रवेश नसतो. हे बंधन मला आवडते, परंतु परिसरात तिचा नोड नसेल तर हा पर्याय उरतच नाही.

वेबएसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून कोणालाही लावता येणारा दूरचा रिसीव्हर, हे मुळातच वेगळे आहे. नेदरलँड्समधील ट्वेंटे विद्यापीठातील अशा रिसीव्हरवर शून्यापासून सुमारे २९ मेगाहर्ट्झपर्यंतचा पट्टा ब्राउझरमध्ये उघडतो आणि शेकडो श्रोते एकाच वेळी आपापल्या फ्रिक्वेन्सी लावू शकतात. येथे परवाना लागत नाही. भारतातून १४ मेगाहर्ट्झवर बोलणारे व्हीयू२ (भारतीय कॉल साइनची सुरुवातीची अक्षरे) केंद्र तिथवर पोहोचते आहे का, हेही तपासता येते, आणि खरखरीतून आपल्याकडची कॉल साइन उमटते तेव्हाचा आनंद इकोलिंकच्या निर्मळ आवाजात मला कधीच मिळालेला नाही. अर्थात येथे फक्त ऐकता येते, तेही तिथल्या अँटेनाला जे ऐकू येते तेवढेच.

म्हणून परवाना नसलेल्याने वेबएसडीआरपासून सुरुवात करावी आणि मोर्स व एसएसबीला (शॉर्टवेव्हवर आवाज पाठवण्याच्या पद्धतीला) कान सरावू द्यावेत. परवाना व हँडी असून शॉर्टवेव्हची सोय नसलेल्याने इकोलिंक घ्यावे. रिपीटर दूरच्या नोडशी जोडलेला असेपर्यंत तो परिसरातील सर्वांसाठीच व्यग्र राहतो. म्हणून जोडण्यापूर्वी थोडा वेळ ऐकावे, प्रत्येक बोलण्यानंतर दोन-तीन सेकंद मोकळे सोडावेत आणि संभाषण संपताच जोडणी तोडावी.